होडीच्या पोटातल्या भिंती

चाळिशी उलटली की बायका भजनी मंडळात जातात, योगाच्या वर्गाला जातात, फारच हौस असली तर वीणा शिकायला घेतात. मी समुद्रात होडी वल्हवायला लागले. सोलापूरला सासरी फोन करून हे सांगितलं. मग थोरल्या जाऊबाईंनी हळूच विचारलं, "तिकडे पगार वेळेवर होत नाहीत का गं?"

पगार वेळेवर होत होते. नवरा मद्रासजवळच्या आवडी या गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होता आणि मी जॉर्ज टाउनमधल्या बँकेच्या शाखेत. तोंडावर मी त्याला ‘अहो’च म्हणते, पण लिहिताना ‘तो’ बरं पडतं, नाहीतर सगळं लिखाण हळदीकुंकवातल्या उखाण्यासारखं वाटायला लागतं.

होडीचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते आमच्या शाखेतल्या एका खातेदारांनी. साठी ओलांडलेले, सडपातळ, कपाळावर गंध. बंदराजवळच्या गल्लीत त्यांचं दोरखंड, साखळ्या, नांगर असल्या सामानाचं दुकान होतं. घराणं तंजावरचं मराठी. माझं आडनाव पाहून ते एकदम मराठीत बोलायला लागले आणि मी पेन खाली ठेवून ऐकतच राहिले. शब्द ओळखीचे, पण सूर तमिळ, आणि मध्येच एखादं क्रियापद असं यायचं की कुणीतरी जुन्या पोथीतून उठून काउंटरवर आलंय असं वाटावं. मी त्यांना काका म्हणायला लागले, ते मला अम्मा म्हणायचे.

काकांना नाद होता कयाकचा. कयाक म्हणजे एकट्या माणसाने बसून वल्हवायची लांबट, अरुंद, वरून बंद असलेली होडी. मधोमध कमरेएवढं भोक, त्यात आपण पाय पसरून बसायचं. मद्रासच्या दक्षिणेकडच्या कोवलमच्या (केरळातलं ते वेगळं) किनाऱ्यामागे त्यांची एक शेड होती. तिथे ते स्वतः फायबरच्या होड्या बनवायचे आणि रविवारी चारपाच जणांना घेऊन समुद्रात जायचे. त्सुनामीला तेव्हा फार वर्षं झालेली नव्हती. आमच्या कॉलनीतल्या लोकांनी मरीनावर भेळ खायला जाणंसुद्धा सोडलं होतं, आणि मी चालले होते लाटांच्या पलीकडे.

मला पोहायला येत होतं. लहानपणी विहिरीत शिकले, पाठीला झाळलेला पत्र्याचा डबा बांधून. त्या डब्यात काय असायचं? काही नाही, नुसती कोंडलेली हवा. पण तेवढी हवा पोरीला वर धरायची. काकांनी पहिल्या दिवशी होडीचं पोट उघडून दाखवलं तेव्हा मला सगळं झटकन समजलं ते त्या डब्यामुळे. पायांच्या पुढे एक आडवी भिंत, पाठीच्या मागे दुसरी. तिला बल्कहेड म्हणतात. या दोन भिंतींमुळे होडीत तीन खोल्या होतात: मधली माणसाची, पुढची आणि मागची हवेची. होडी उलटली तर मधल्या खोलीत पाणी भरतं, पण पुढच्या-मागच्या खोल्या होडीला वर धरून ठेवतात. त्या दोन खोल्यांना वरून रबराच्या कडेची झाकणं आणि झाकणांवर घट्ट पट्टे.

"होडी गेली तर जाऊं द्या," काका म्हणाले, "पण भिंत जाऊं नये, अम्मा. भिंत आहे तोंवर तुम्ही आहांत."

वर्षभरात मी बऱ्यापैकी तयार झाले. दंड भरले, तळहाताला घट्टे पडले, आणि बँकेत साहेबाशी बोलताना आवाजसुद्धा थोडा वर चढायला लागला. काकांनी ठरवलं की यंदा आपण सगळ्यांनी कोवलमहून महाबलीपुरमपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. मी म्हटलं, दसऱ्याला निघू. सीमोल्लंघन करायचं तर दसऱ्याचा मुहूर्त सोडून दुसरा कुठला? काकांनाही पटलं, कारण तमिळ लोकांतही विजयादशमीला नवं काही सुरू करणं शुभ.

माझ्या नवऱ्याला मात्र पोहता येत नव्हतं. समुद्राशी त्याचा संबंध घोट्यापर्यंतचा. मी रविवारी समुद्रावर गेले की तो घरी पंखे पुसायचा, नळाचे वॉशर बदलायचा, गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचा. काळजी वाटली की तो अशी काहीतरी गळती शोधत बसतो. त्याचं कारखान्यातलं कामही तेच होतं. तिथे बनणारी अजस्र वाहनं खोल पाण्यातून पलीकडे न्यावी लागतात, आणि आत पाण्याचा एक थेंब जाता कामा नये हे बघायला डोळ्यांत तेल घालून बसलेली जी माणसं असतात त्यांपैकी तो एक. ‘जाऊ नकोस’ असं तो मला कधी म्हणाला नाही. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एवढंच म्हणाला, "मी एकदा होडी तपासतो."

मी कौतुकाने हसले. काकांनाही बरं वाटलं, त्यांनी शेडची किल्लीच त्याच्या हातात दिली. तो एकटा जाऊन आला, हाताला राखाडी पुट्टीचा वास घेऊन. "चांगली आहे," म्हणाला, "आता एकदम चांगली आहे." त्या ‘आता’कडे मी लक्ष दिलं नाही.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, काकांच्या शेडवर पूजा होती. मद्रासमध्ये हा सण कसा होतो हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते: रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळं धुऊन, चंदन-कुंकवाचे ठिपके लावून, हार घालून ठेवतात. कोहळा फोडतात. चुरमुरे, सुंडल म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, केळी. आणि पूजेला मांडलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा करून उठवेपर्यंत कुणी हात लावत नाही. होड्या ओळीने मांडल्या होत्या, पुढची टोकं देवाकडे, ओसरीच्या छपराखाली, आणि शेपट्या अंगणात उन्हात. एरवी होड्या ठेवताना झाकणं उघडी ठेवायची असा काकांचा नियम होता. पण पूजेला उघड्या तोंडाची होडी कशी मांडायची? झाकणं लावली, पट्टे आवळले, त्यावर झेंडूच्या माळा. माझ्या होडीला तर नवऱ्याने स्वतः कुंकू लावलं. ऑक्टोबरचं ऊन दिवसभर तळपत होतं.

निघण्याआधी आम्ही नेहमी होडीच्या मधल्या खोलीत बादलीभर पाणी ओतायचो आणि मागच्या-पुढच्या खोलीत ते झिरपतं का बघायचो. दसऱ्याच्या सकाळी काकांनी आरती केली, हार काढून समुद्रात सोडले, आणि बादली आणायला कुणी गेलंच नाही. तपासणी तर झालेली होती, तीही कारखान्याच्या इन्स्पेक्टरकडून. वर चंदनाचे ठिपके ओले होते, ते धुऊन जातील म्हणून कुणाला पाणी ओतावंसं वाटलं नाही. आम्ही निघालो. नवरा स्कूटरवरून किनाऱ्याच्या रस्त्याने येणार होता आणि महाबलीपुरमला आम्हाला गाठणार होता.

पहिला तास फार सुरेख गेला. मग माझी होडी ऐकेनाशी झाली. वळवली की वळायची नाही, लाट आली की शेपूट मागे जड बसायचं. मधल्या खोलीत वल्ह्याचं थोडं पाणी नेहमीच ठिबकतं, पण ते आज पायाशी साचत नव्हतं, कुठेतरी जात होतं. मला वाटलं, मीच थकले. बाईमाणूस पहिली शंका स्वतःवर घेतं. काकांना हाक मारायला मान वळवली तेवढ्यात बाजूने लाट आली आणि मी उलटी झाले.

याची सवय केलेली होती. होडीचं भोक झाकणारा जो झगा कमरेभोवती असतो त्याची दोरी ओढली, पाय सोडवले, वर आले. समोर पाहते तर होडी आडवी नाही. तिचं शेपूट पाण्याखाली गेलं होतं आणि तोंड आभाळाकडे करून ती उभी राहिली होती. चंदनाच्या ठिपक्यांचे पिवळट डाग अजून दिसत होते. माझी पाचावर धारण बसली. मी त्याआधी कधी एवढी घाबरले नव्हते आणि नंतरही नाही.

काका वल्ही मारत आले. "टोक धरा, अम्मा! सोडूं नका! पुढची भिंत शाबूत आहे!" आणि लगेच तमिळमध्ये, "बयप्पडादींग!" घाबरू नका. मी त्या टोकाला मिठी मारली. ती पुढची खोली, फायबरच्या पातळ भिंतीआड कोंडलेली हवा, मला आणि बुडालेल्या निम्म्या होडीला दोघींना धरून होती. बाकीच्यांनी शिट्ट्या वाजवल्या. थोड्या वेळाने मासेमारीची एक मोटरबोट वळली. त्यातल्या दोघांनी आधी मला आत ओढलं, मग माझ्या होडीला, आणि वर चांगलं झापलं, की सणाच्या दिवशी घरी बसून गोड खायचं सोडून हे काय.

नवऱ्याला रस्त्यावरून आमच्या होड्या दिसेनाशा झाल्या तेव्हाच तो मागे फिरला होता. कोवलमच्या किनाऱ्याला परत लागलो तेव्हा तो वाळूत उभा होता. मी चालत त्याच्याकडे गेले. त्याने माझ्या डोक्यावर, खांद्यावर, कोपरांवर हात फिरवला, बाजारात भांडं घेताना फिरवतात तसा, आणि मग माझ्याकडे न बघता होडीकडे गेला. झाकण उघडलं, खिशातला टॉर्च काढून आत वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

मागची भिंत कडेने सुटली होती. निम्म्या घेरभर फट पडली होती. आणि भिंतीच्या वरच्या बाजूला, एका ठिकाणी, राखाडी पुट्टीचा छोटा, गुळगुळीत, अगदी नेटका ठिपका होता.

काकांनी तो पाहिला. "सार," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तें भोंक तुम्ही बुजविलां?"

"हो. बादल्या ओतून मधली खोली काठोकाठ भरली तेव्हा तिथून थेंब येत होता. पुढच्या भिंतीतही होतं. दोन्ही बुजवली. म्हटलं, तुम्हाला सांगून वाईट कशाला वाटून द्यायचं."

"सार, तें मींच पाडिलों होतों. सुईएवढें. हवेला."

मग काकांनी समजावलं, आणि आवाज जराही न चढवता. होडी उन्हात तापली की आतली हवा फुगते. पाण्यात थंड झाली की आकसते. सुईएवढ्या भोकातून ती आतबाहेर करते, श्वास घेतल्यासारखी. त्यातून पाणी जायचं तर थेंबभर. ते भोक नसलं, झाकणही घट्ट असलं, तर फुगलेली हवा कुठे जाणार? ती भिंतीलाच ढकलते. दिवसभर उन्हात राहिलेल्या शेपटीत तेच झालं होतं. पुढची भिंतही बुजवलेलीच होती, पण ते टोक देवापुढे सावलीत होतं.

"चूक माझी पण आहे," काका म्हणाले. "सांगितलों नाहीं. झांकणें लावूं दिलों. बादली आणिलों नाहीं."

नवऱ्याने ते ऐकलंच नाही. तो वाळूत बसला. "मीच केलं हे," एवढंच म्हणाला.

पुढचे काही आठवडे त्याने गळत्या शोधणं सोडलं. स्वयंपाकघरातला नळ टपटपत राहिला आणि तो पेपर वाचत राहिला, तोही एकाच पानावर. रात्री माझा हात धरून झोपायचा. हे सुखाचं वाटेल, पण नव्हतं. मी कूस बदलली की दचकून जागा व्हायचा. शेवटी एका रविवारी मी समुद्रावरचे कपडे पिशवीत भरायला घेतले तेव्हा तो दारात आला.

"तू पुन्हा जायचं नाहीस."

मला संताप आला. भोक बुजवलं त्याचा मला कधीच राग नव्हता. त्याने माझ्या जिवाची काळजी घेतली होती, त्याला ठाऊक होती त्या पद्धतीने, आणि आयुष्यभर जे बरोबर ठरलं तेच त्याने केलं होतं. राग आला तो या वाक्याचा. त्याची भीती खरी होती, पण तिच्यासाठी मी का घरी बसायचं?

"अहो, त्याच होडीने मला धरून ठेवलं," मी म्हटलं.

"निम्म्या होडीने. दुसऱ्या निम्म्याने तुला बुडवलं, आणि तिला मी हात लावला होता."

मी पिशवी ठेवली. त्याच्या विरोधात जाऊन जाता आलं असतं. पण समुद्रात असताना किनाऱ्यावर कुणीतरी जीव मुठीत धरून बसलंय हे माहीत असलं की हातातलं वल्हंच जड होतं. मला जायचं होतं, आणि त्याचं मन मोकळं असताना जायचं होतं. त्यातलं एक मिळेल, दोन्ही मिळणार नाहीत, असं मला वाटायला लागलं होतं.

काका एका संध्याकाळी आमच्या क्वार्टरवर आले, बरोबर केळफुलाच्या वड्यांचा डबा. कॉफी होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला. "सार, भिंत पुन्हा बांधायची आहे. तुम्ही बांधा."

"मी? मी नाही."

"तुमच्या हातची पुट्टी मीं पाहिलों," काका म्हणाले. "इतकें साफ काम माझ्या हातून होत नाहीं. दिवसभर हवा ढकलत होती, भिंत कडेनें सुटली, पण तुमचा ठिपका हालला नाहीं."

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "नाही बांधलीत तर मी दुसऱ्याच कुणाच्या होडीत बसेन, आणि ती कशी असेल ते बघायलाही तुम्हाला मिळणार नाही!" हे मी मुद्दाम म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला कुठे चिमटा काढायचा हे मला पाठ होतं.

तो गेला. मी बरोबर गेले, कागद-कात्री धरायला. त्याने आधी पुठ्ठ्याची भिंत कापली, आत घालून पाहिली, काढली, कडा तासली, पुन्हा घातली. मग फायबरची खरी भिंत. राळ कालवून कापडाच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी बसवल्या. वासाने माझं डोकं उठलं, पण बऱ्याच दिवसांनी त्याच्या कपाळावरच्या आठ्या कामाच्या होत्या, दुःखाच्या नव्हत्या. त्याने काकांना असे प्रश्न विचारले की काकांनाही दोनदा विचार करून सांगावं लागलं. पुढच्या भिंतीतली पुट्टी त्याने टोकदार सुईने स्वतः मोकळी केली.

भिंत सुकल्यावर काकांनी त्याच्या हातात बारीक ड्रिल दिलं. त्याने ते भिंतीला टेकवलं आणि काढून घेतलं.

"मी पाडू का?" मी विचारलं.

"नको." त्याने घाम पुसला. "एवढी चांगली झालीये गं ती." आणि मग भोक पाडलं. भुसा फुंकला, त्या भोकाला ओठ लावून हवा सोडून पाहिली. मला हसू आलं आणि रडूही.

काका म्हणाले, आता पाण्यात परीक्षा. समुद्रात नको, मुट्टुकाडच्या खाडीत, छातीएवढ्या शांत पाण्यात. अम्मांनी मुद्दाम उलटायचं, होडी पाण्याने भरू द्यायची, आणि बघायचं की ती सपाट तरंगते की शेपूट टाकते. उलटणाऱ्याच्या शेजारी एक माणूस पाण्यात उभा लागतो. काकांनी शर्ट काढायला घेतला, तेवढ्यात नवरा म्हणाला, "मी उभा राहतो."

त्याने लाइफ जॅकेट चढवलं, सगळे बंद दोनदोनदा ओढून पाहिले. पँट दुमडली, जणू काही तेवढ्याने भागणार होतं. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा थांबला. कमरेला लागलं तेव्हा त्याचे ओठ हलायला लागले, बहुधा रामरक्षा. छातीपर्यंत आला आणि त्याने माझ्या जॅकेटचा खांद्यावरचा पट्टा मुठीत घट्ट धरला.

मी उलटले. पाण्याखाली हिरवट अंधार, आणि त्या अंधारात खांद्याला ती ओढ. मी दोरी खेचली, पाय सोडवले, वर आले. तोंडासमोर त्याचा चेहरा, पांढराफटक, डोळे लाल. मी होडी सुलटी केली, ती आमच्या दोघांच्या मध्ये तरंगत होती. मधली खोली काठोकाठ भरलेली, आणि पुढचं-मागचं टोक एका पातळीत. काकांनी काठावरून टाळी वाजवली. नवऱ्याने माझा पट्टा न सोडता दुसऱ्या हाताने मागचं झाकण उघडलं, आत हात घालून कानाकोपऱ्यातून फिरवला, बाहेर काढला आणि बोटं एकमेकांवर चोळून पाहिली.

"कोरडं," तो म्हणाला. मग त्याला रडू फुटलं. छातीभर पाण्यात उभं राहून तो रडला, आणि मी त्याला रडू दिलं. मला वाटलं, झालं, आता म्हणेल, चल घरी. आज मी तेही ऐकलं असतं.

त्याने पाण्याचाच हात तोंडावरून फिरवला. माझ्या खांद्यावरचा पट्टा सोडला. तळ चाचपत एक पाऊल मागे गेला, जिथे पाणी त्याच्या गळ्याला लागत होतं.

"पुन्हा," तो म्हणाला. "या वेळी मी धरणार नाही."